होतकरू ड्रोनवैमानिकांसाठी नियमभंग-मार्गदर्शिका

पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्यात नव्यानेच राहायला आलेल्या, विसाव्या मजल्यावर गॅलरी असलेल्या आणि बोनसच्या पैशातून ड्रोन घेतलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. नियम मोडण्याचं प्राथमिक शिक्षण अंडरपासमधून उलट्या बाजूने दुचाकी घालताना झालेलंच असतं. इथे फक्त उंची वाढते.

आधी ड्रोन काट्यावर ठेवा. 2021च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला, आणि निव्वळ हौसेपुरता असेल तर मायक्रोलाही, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र मायक्रोने शेजाऱ्यांच्या मुलीचा साखरपुडा पैसे घेऊन शूट केलात की हौस संपली, धंदा सुरू झाला. 'पैसे कुठे, पाकीट दिलं त्यांनी' हा युक्तिवाद जरूर करून पाहा.

मग नकाशा बघा. डिजिटल स्काय पोर्टलवर तो फुकट दिसतो, म्हणूनच बहुधा कोणी बघत नाही. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. लक्षात ठेवा, उंची जमिनीपासून मोजतात, गॅलरीपासून नाही. विसाव्या मजल्यावरून उडवलात तर 400 फुटांतली निम्मी बिल्डरनेच वापरलेली असते. लोहगावचा विमानतळ इथून लांब आहे, पण देहूरोडचा दारूगोळा डेपो उशाशी. पिंपरी-चिंचवडकराला रेड झोन म्हटलं की त्या डेपोभोवतीचे 2000 यार्ड आणि त्यात अडकलेले प्लॉट आठवतात. ड्रोनच्या नकाशातला लाल भाग निराळा. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडायचंच नाही.

आता मुख्य धडा : पकडलं जाणं. नागरी विमान वाहतुकीचं नियामक, म्हणजे डीजीसीए, पहिल्यांदा येत नाही. आधी वॉचमन येतो, मग सेक्रेटरी, मग पोलीस. 2024च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांनी रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीने जागून गस्त घातली होती, तेव्हा अंधारात उडवायची हौस जपून. प्रकरण वर गेलंच, तर नियमात 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे; पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ही सोय भल्याभल्यांना ठाऊक नसते. ते थेट ओळखी शोधायला लागतात.

मोठ्या विमानांच्या वैमानिकांकडून थोडं शिकावं. मार्च 2023मध्ये, होळीच्या दिवशी, स्पाइसजेटच्या दिल्ली-गुवाहाटी विमानात कॉकपिटच्या कन्सोलवर झाकण नसलेला कॉफीचा कप आणि हातात गुजिया, असा फोटो पसरला. चौकशी होईपर्यंत दोन्ही वैमानिकांना ड्यूटीवरून उतरवलं. गुजिया म्हणजे आपली करंजीच. पण कॉफी सांडते आणि खाली यंत्रं असतात, त्यामुळे हसण्यावारी न्यायची गोष्ट ती नव्हती. दारूच्या बाबतीत तर पायऱ्या आधीच आखलेल्या आहेत : उड्डाणापूर्वीच्या श्वासचाचणीत पहिल्यांदा सापडलात तर परवाना 3 महिने निलंबित, दुसऱ्यांदा 3 वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. तिथे 'एकच घेतली होती'ला जागा नाही.

अमेरिकेत याहून चमत्कारिक प्रकार चालतो. हातून नकळत नियम मोडला, तर वैमानिक 10 दिवसांत नासाला स्वतःहून कळवतो. 1976पासून ही व्यवस्था आहे. मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि मागच्या 5 वर्षांत तसं काही झालेलं नसेल, तर चूक सिद्ध झाली तरी शिक्षा सहसा माफ. कारण साधं आहे : लपवलेली चूक दुसऱ्या कॉकपिटमध्ये पुन्हा घडते. मला ही पद्धत पटते. पण ती पुनावळ्यात आली तर पहिल्याच आठवड्यात सगळी सोसायटी एकमेकांच्या नावाने कळवेल.

तेव्हा सुनावणीचं पत्र आलंच, तर उत्तर स्वतः लिहा. तारीख, वेळ, उंची, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि काय झालं, एवढं पुरे. लॉग जसाच्या तसा जोडा. 'सगळेच उडवतात' हे वाक्य खोडा. नगरसेवकाची चिठ्ठी जोडू नका. आकाश महापालिकेच्या हद्दीत येत नाही.