अर्थिंग रामभरोसे

घरगुती वीज 230 व्होल्टने येते आणि साधे सॉकेट 6 अँपिअर सोसते. 1500 वॅटचा हीटर एकटाच साडेसहा अँपिअर ओढतो. तरी त्याच बोर्डावर मल्टीप्लग खोचून इस्त्रीही लावायची कल्पकता घरोघरी असते. वायर तापते, जळका वास येतो, फ्यूज उडतो. मग त्यात जाड तांब्याची तार घालतात. फ्यूज पुन्हा उडत नाही. पाळी वायरिंगची येते.

प्लगची अर्थिंगची पिन जाड आणि लांब, कारण ती सर्वांआधी जुळावी आणि सर्वांनंतर सुटावी. कूलरच्या पत्र्यात उतरलेला प्रवाह तिने जमिनीत न्यायचा. पण त्यासाठी मीठ-कोळशाचा खड्डा ओला हवा आणि सोनई गावाच्या उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणी घालायला सवड कोणाला? कोरड्या खड्ड्यातून फ्यूज उडण्याइतका प्रवाहच वाहत नाही. शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात, चोराचे शनिदेव बघून घेतात अशी श्रद्धा आहे. शॉकचे खातेही परस्पर त्यांच्याकडेच वर्ग झालेले दिसते.

30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी बाजारात मिळते. ते ‘उगाच पडते’ म्हणून वायरमनकडून बायपास करून घेतात.