रांगेतली वर्षं परत करा

मे 2020मध्ये मिनियापोलिसच्या रस्त्यावर एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. त्यानंतर अमेरिकेतल्या रुग्णालयांनी वर्णभेदाविरुद्ध निवेदनं काढली, सगळ्यांना समान उपचारांची हमी दिली. त्यांतल्या अनेकांच्या प्रयोगशाळेत मात्र जुनाच नियम चालू होता: रुग्ण कृष्णवर्णीय असेल, तर मूत्रपिंडांच्या कामाचा आकडा वाढवून छापायचा.

हा आकडा म्हणजे ईजीएफआर. तो रक्तातल्या क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या पदार्थावरून काढतात. 1999च्या सूत्राने कृष्णवर्णीयांचा आकडा 1.21ने गुणला, 2009च्या सूत्राने 1.16ने. कारण सांगितलं गेलं की त्यांचे स्नायू जास्त असतात. तालमीतला तरुण असो की अंथरुणाला खिळलेली आजी, गुणाकार एकच. आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असतील तर काय करायचं, याचं उत्तर सूत्राकडे नव्हतंच.

आता परिणाम पाहा. डायलिसिस सुरू झालेलं नसेल, तर नव्या मूत्रपिंडासाठीची प्रतीक्षा मोजली जाते ती आकडा 20 किंवा त्याखाली आल्यापासून. गोऱ्या रुग्णाचा आकडा 17 आला, तर त्याची प्रतीक्षा मोजली जाते. तेच वय, तेवढंच क्रिएटिनिन, पण रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर 1999च्या सूत्राने 20.6 यायचा. म्हणजे अजून थांबा. डायलिसिसवरच्या अमेरिकनांत कृष्णवर्णीय जवळपास एक तृतीयांश आहेत, लोकसंख्येत मात्र सातवा हिस्साही नाहीत. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच मागे ठेवलं गेलं.

2021मध्ये वर्ण वगळून नवं सूत्र आलं. जून 2022मध्ये अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय जाळ्याने जुन्या गुणाकारावर बंदी घातली. खरं काम झालं ते जानेवारी 2023पासून. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला आदेश मिळाला की जुने अहवाल काढा, नव्याने मोजा आणि हिरावलेला वेळ रुग्णाच्या खात्यात जमा करा. सव्वा वर्षात 14 हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यात सरासरी दोन वर्षांची प्रतीक्षा जमा झाली. त्याआधीच जे दगावले, त्यांना कुणी काहीही परत देऊ शकत नाही.

न्याय म्हणतात तो याला. चूक कबूल करायची, जुनी कागदपत्रं उघडायची आणि थकबाकी चुकती करायची. तीही सक्तीने, मुदत घालून. नुसत्या निवेदनांनी एकाही रुग्णाचा नंबर पुढे सरकला नव्हता.

अशी चूक आपल्यापासून दूर नाही. डिसेंबर 2020मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमधून निसटणारी ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळते. तेच यंत्र करोनात आपल्या घरोघरी आलं, आणि आपली कातडीही गोरी नाही. रुग्णालयाने समतेची हमी दिली, तर त्याला एवढंच विचारा: तुमचं यंत्र कुणाच्या त्वचेवर तपासलंय? आणि उत्तर लेखी मागा.