बादशहाला खिसा नव्हता

चीनच्या बादशहाला खिसा नव्हता. पिवळ्या रेशमी अंगरख्यावर नऊ ड्रॅगन, बाह्यांना घोड्याच्या खुरासारखे कफ, तळाशी उसळणाऱ्या लाटा आणि लाटांतून वर आलेले डोंगर असा सगळा थाट. पण साधा रुमाल ठेवायला म्हणून जागा नाही. चिनी पोशाखांचं कुठलंही दालन बघताना एवढं लक्षात ठेवावं. तिथल्या निम्म्या गमती या एका गैरसोयीतून निघालेल्या आहेत.

लंडनला गेलेला आपल्याकडचा माणूस व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जातो तो टिपूचा वाघ बघायला. गोऱ्या सोजिराच्या उरावर बसलेला तो लाकडी वाघ डोळे भरून पाहिला, की काहीतरी देशकार्य झाल्यासारखं वाटतं आणि पाय चहाकडे वळतात. माझे वळलेच होते. पण बायको चीनच्या दालनात शिरली आणि चहा लांबला. त्यानंतर जिथे जिथे चिनी भरतकाम मांडलेलं दिसलं तिथे तिथे आमचा चहा लांबत आला आहे.

भरतकाम उलटं करून पाहिल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये, अशी तिच्या माहेरची शिकवण. पुढून सगळेच सुंदर भरतात. गाठी, लोंबणारे धागे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या आळशी उड्या हे सगळं मागं असतं. संग्रहालयाच्या काचेपुढे या शास्त्राचं काही चालत नाही. इतका शाही ड्रॅगन समोर असताना तिचा शेरा एकच, "मागून कसंय कोण जाणे!" चीनमधल्या सूचौ शहरातल्या कारागिरांना हा प्रश्न कुणीतरी फार पूर्वी विचारला असावा. ते रेशमाचा एक धागा उकलून त्याचे केसाहून बारीक पदर करतात आणि पातळ रेशमावर असं मांजर भरतात, की ते दोन्ही बाजूंनी मांजरच दिसतं. गाठी कुठे जिरवल्या ते कळत नाही. तिथे बायको गप्प झाली. हा मी सूचौचा मोठा सन्मान समजतो.

ड्रॅगनच्या अंगरख्याची मला आवडलेली गोष्ट त्याच्या बाहेरच्या बाजूला नाहीच. पुढून पाहा, पाच ड्रॅगन मोजता येतात. मागून पाहा, तरी पाचच, कारण खांद्यावरचे दोघे दोन्हीकडून दिसतात. म्हणजे सगळे मिळून आठ. नववा पुढच्या पदराखाली, आतल्या बाजूला. त्यालाही तितकीच नखं, तितकेच खवले, तितकीच जर. तो बादशहाला ठाऊक, त्याला कपडे चढवणाऱ्याला ठाऊक आणि ज्यानं तो भरला त्याला ठाऊक. कुणाला दिसणार नाही तिथे दोन टाके कमी घालायची बुद्धी त्या माणसाला झाली नाही, आणि पाटीवर त्याचं नाव नाही. पाटीवर असतं ते 'रेशीम, सोनेरी धागा' आणि ज्यानं हा अंगरखा संग्रहालयाला दिला त्याचं नाव.

दरबारी लोकांची कथा आणखी मजेची आहे. १३९१ साली मिंग दरबारानं ठरवलं, की अधिकाऱ्यानं छातीवर आणि पाठीवर आपल्या दर्जाचा चौकोनी भरतकामाचा तुकडा लावायचा. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करातल्यांना जनावरं. पुढे छिंग राजवटीत मुलकी बाजूला पहिल्या दर्जाला क्रौंच, तिसऱ्याला मोर, आठव्याला लावा. बगळा सहाव्या दर्जाला. सरकारी कचेरीत बगळा इतका खाली राहिला, याचं आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल. शिवाय पक्षी सरकारनं ठरवायचा आणि खर्च ज्याचा त्यानं करायचा. म्हणून छिंग काळाच्या उत्तरार्धात व्यवहारी मंडळींनी युक्ती काढली. ढग, लाटा आणि सूर्य भरलेला चौकोन तयार घ्यायचा आणि पक्षी वेगळा भरून वर टाचायचा. बढती झाली की लावा उसवायचा आणि वरचा पक्षी बसवायचा. बायकोलाही नवऱ्याच्याच दर्जाचा पक्षी मिळे, फक्त त्या पक्ष्याचं तोंड उलट्या बाजूला, म्हणजे जोडप्यानं शेजारी बसावं आणि पक्ष्यांनी एकमेकांकडे पाहावं. जोडप्यानं पाहावं अशी सक्ती नव्हती.

१९१२ साली बादशहा पायउतार झाला आणि हे सगळे पक्षी एका दिवसात बेकार झाले. परदेशी पाहुण्यांनी ते बाजारातून उचलले. कुणी उशीचा अभ्रा केला, कुणी हातात मिरवायची पर्स. ज्या क्रौंचासाठी सरकारी नोकरीच्या परीक्षा देता देता माणसं म्हातारी झाली, त्याच्या पोटात आता लिपस्टिक.

आता खिशाकडे येतो. खिसा नसल्यामुळे चिनी गृहस्थ सगळा संसार कमरेला लटकवून हिंडे. सुपारीसाठी बटवा, पंख्याचं म्यान, घड्याळाची पिशवी, चष्म्याचं घर, आणि धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायच्या कड्याची डबी. या गृहस्थांतल्या पुष्कळांनी जन्मात धनुष्य हाती धरलं नव्हतं. कडं मात्र हवंच. सगळं एकाच रंगाचं, एकाच नक्षीचं, गोंडे लावलेलं. यातल्या बटव्यांवर दाण्यासारख्या बारीक गाठींचा टाका दिसतो. या टाक्यानं डोळे जात, म्हणून बादशहानं त्याच्यावर बंदी घातली, अशी एक कथा पर्यटकांना सांगतात. पुरावा काही नाही, पण बटवा डोळ्यांपाशी नेऊन पाहिला की कथा खरी वाटू लागते.

लहान मुलांच्या वाघटोप्याही तिथेच कुठेतरी असतात. मोठाले डोळे, बाहेर आलेले कान, मिशा. आपण तीट लावून बाळ कुरूप करतो आणि दृष्ट चुकवतो. त्यांनी सरळ दृष्टीलाच घाबरवायचं ठरवलं.

त्यांच्या शेजारी बांधलेल्या पायांचे जोडे असतात. तळहातावर मावतील एवढे, फुलाफुलांचे, बहुधा जिच्या पायांचे तिनंच भरलेले. इथे विनोद सुचत नाही. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकानं पाय बांधायला बंदी केली, तरी चाल सुटायला आणखी बरीच वर्षं गेली.

हे सगळं बघून आपला याच्याशी काय संबंध, असं मुंबईकरानं म्हणू नये. मुंबईहून कापूस आणि अफू भरून पारशी व्यापाऱ्यांची गलबतं चीनमधल्या कँटनला जात आणि येताना चहा, रेशीम आणि भरलेलं कापड आणत. त्यातून पारशी बायकांची 'गारा' ही भरलेली साडी झाली. चिनी कारागिरानं भरलेले शेवंतीचे मळे, पूल, देवळं आणि छत्रीवाली माणसं सहावारी साडीवरून चालू लागली. पुढे लहानमोठे गोल ठिपके आले, तर या बायकांनी त्या नक्षीला सरळ 'कांदा-पापेटा' म्हणजे कांदा-बटाटा म्हणून टाकलं. चिनी संस्कृतीचा इतका मोकळा स्वीकार दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा अशा दालनात गेलात, तर ड्रॅगनसमोरची गर्दी ओसरेपर्यंत थांबू नका. आधी बटव्यांच्या कपाटाशी जा, तिथे कुणी नसतं. वाचायचा चष्मा बरोबर ठेवा, कारण रेशमाला उजेड सोसत नाही म्हणून तिथे दिवे फार मंद असतात. आणि काचेला नाक लावू नका. पहारेकरी ओरडतात.