ओल्या भिंतीशी संसार : नवशिक्यांसाठी

शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण. वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास, आणि नळ आला की अख्ख्या गल्लीत आरोळी उठते. अशा तालुक्यात, नरडाण्यासारख्या गावी, जुन्या घराच्या माजघरातली भिंत बारा महिने ओली असणं ही श्रीमंतीच म्हणायची. ती ज्यांच्या वाट्याला नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे चार धडे.

सुरुवात कानावर हात ठेवून करावी. खालच्या हातभर पट्ट्यातला रंग फुगला, पोपडे सुटले, बोट फिरवलं तर पांढरी पूड हाताला आली, तरी 'रंग हलका निघाला' एवढंच म्हणायचं. रंगारी काही भांडायला येत नाही. पाहुणे येणार असतील तर तिथे कपाट सरकवा आणि ते भिंतीला अगदी चिकटवून लावा. मागे वारा खेळला नाही की बुरशीला निवांत संसार थाटता येतो. लग्नाचे शालू याच कपाटात ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरा धडा सिमेंटचा, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. गवंड्याला बोलवा, जुना माती-चुन्याचा गिलावा खरवडून काढा आणि एकास चार मालाचं कडक प्लास्टर कमरेपर्यंत चढवा. थोडे दिवस भिंत शहाण्यासारखी वागते. मग ओल प्लास्टरच्या वरच्या काठाच्याही वर, छातीच्या उंचीवर डोकं काढते. कच्च्या विटेतली बारीक छिद्रं कंदिलाच्या वातीसारखी जमिनीतलं पाणी वर ओढत असतात. चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत उडून जायचं. सिमेंटने दार लावल्यावर ते दुसरं दार सापडेपर्यंत चढत राहतं. आता छातीपर्यंत टाईल्स लावा. ओल खांद्यावर आली की पीव्हीसीचे पॅनल लावा. खर्च आणि ओल हातात हात घालून आढ्याकडे निघतात.

जोत्याला मात्र दोष देऊ नका. काळा दगड जवळजवळ पाणी पीत नाही. पिते ती दगडांच्या सांध्यातली माती. नव्या बांधकामात जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओलरोधक, थर टाकून ही चढण अडवतात. आजोबांच्या घरात तो नसतो.

आता खार. जुन्या घराची भिंत बहुतेक गावठाणाच्याच मातीची, आणि घराला लागून पिढ्यान्‌पिढ्या गोठा. गुरांच्या मुताने जमिनीत नायट्रेटचे क्षार साठत जातात. बिहारात अशाच गावठाणाच्या मातीतून सोरा काढत, आणि ईस्ट इंडिया कंपनी तो बंदुकीच्या दारूसाठी जहाजांनी विलायतेला नेई. म्हणजे तुमच्या माजघरात तोफखान्याचा कच्चा माल आहे. पाहुण्यांना हे अभिमानाने सांगता येईल. या क्षारांना हवेतला दमटपणा शोषायची खोड असते, म्हणून आषाढात नुसतं आभाळ भरून आलं, एक थेंब पडला नाही, तरी भिंत काळवंडते. पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसलीत तर क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत भरा, घराबाहेर टाका. (ही चुकून खरी सूचना आली, नवशिक्यांनी माफ करावं.)

सगळ्यांत नाजूक धडा शेजाऱ्याचा. भिंत सामाईक, आणि पलीकडे त्यांची मोरी. तुम्ही विषय काढलात की उत्तर ठरलेलं : "आमनी मोरी ते नवी शे, जिभाऊ!" मोरी नवीच असते. तिच्याखालचा पाईप कधीचा, हे कोणी विचारत नाही. तेव्हा भांडायला जाण्याआधी पुरावा जमवा. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दोन दिवस थांबा. घाम आतल्या बाजूला धरला तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला धरला तर ते खोलीतल्या हवेतलं. मग खिडकी उघडा आणि शेजाऱ्याला विसरा. दुसरी परीक्षा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. शेतातल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत, झोके बांधलेत, आणि तुमची भिंत तरीही ओली आहे? मग पावसाचं नाव घेऊ नका. कुठला तरी नळ, पाईप नाहीतर मोरी गळतेय. तुमचीही असू शकते, म्हणून आधी स्वतःची तपासून मग पलीकडे जा, आणि जाताना पुरणपोळी न्या.

उन्हाळ्यात ओल उतरत असेल आणि पावसाबरोबर चढत असेल, तर घराबाहेर येऊन गल्ली बघा. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवं काँक्रीट पडतं. जोत्याला तीन पायऱ्या होत्या, त्यातली आता एक दिसते. गल्लीचं पाणी उंबऱ्याकडे वळतं, आणि काळी माती एकदा फुगली की ते लवकर सोडत नाही. घरात पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती; तिच्यातून ओल जागच्या जागी उडून जायची. आता तिथे चकचकीत टाईल्स आहेत. खालच्या पाण्याला वर यायला मधली मातीची भिंत तेवढी उरली, आणि तुम्ही तिच्यावर सिमेंट लावताय.

यावर गवंडी एकटा काही करू शकत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा आणि एवढाच ठराव मांडा : गल्लीत नवं काँक्रीट टाकण्याआधी जुनं उखडायचं, आणि गटाराचा तळ घरांच्या जोत्याखाली ठेवायचा. शेजाऱ्याला सोबत न्या, सूचक म्हणून त्याचंच नाव द्या. त्याचीही भिंत तीच आहे.