बटाटा पास, पदवीधर वेटिंगवर

आंबेगाव तालुक्यातल्या पेठला आणि सगळ्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा पिकतो. वेफर्सच्या कंपनीला माल द्यायचा तर लागवडीआधीच करार होतो. बियाणं कोणतं, भाव किती, आकार केवढा, सगळं ठरलेलं. काढणीनंतर कंपनी नमुन्याच्या चकत्या तळून बघते. चकती काळपट पडली की माल परत. शेतकरी चिडतो, पण आपण कशात नापास झालो हे त्याला निदान कळतं.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा बी.कॉम. होतो, तेव्हा ना करार असतो ना भाव. चकती कोण तळणार, कधी तळणार, याचाही पत्ता नसतो. तरीही माल उत्तमच आहे, याबद्दल तो पिकवणाऱ्या कॉलेजांना तिळमात्र शंका नसते.

मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने 2012 साली भारतासह नऊ देशांत एक पाहणी केली. विद्यार्थी नोकरीसाठी तयार होऊन बाहेर पडतात, असं 72 टक्के शिक्षणसंस्थांना वाटत होतं. नोकरी देणाऱ्यांपैकी तसं वाटणारे 42 टक्के आणि खुद्द तरुणांपैकी 45 टक्के निघाले. म्हणजे पिकवणारा खूश, घेणारा साशंक आणि माल स्वतःच घाबरलेला. अमेरिकेत तर गॅलपच्या पाहण्यांत आपण विद्यार्थ्यांना कामासाठी नीट तयार करतो असं मानणारे विद्यापीठांचे शैक्षणिक प्रमुख 96 टक्के भरले आणि पदवीधरांच्या तयारीची ठाम ग्वाही देणारे उद्योजक अवघे 11 टक्के. त्यामानाने मॅकिन्झीच्या पाहणीतली मंडळी विनयशीलच म्हणायची.

अर्थात शिक्षणसंस्थांचं हे मत फॉर्मवरचं. स्टाफरूममध्ये चहा आला की तेच मत कूस बदलतं. ‘पोरं वर्गात बसत नाहीत, इंग्रजीचं नाव काढलं की पळतात, साधा अर्ज लिहिता येत नाही.’ या पोरांना तीन वर्षं कोण शिकवत होतं, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा.

इकडे संवादकौशल्यात काठावर पास झालेला तोच मुलगा बाजार समितीत आडत्याशी भावावरून तासभर हुज्जत घालतो, हिशेबपट्टीतली चूक बोट ठेवून दाखवतो आणि पिकअपवाल्याला फोनवरच नरम करतो. त्याला ‘सेल्फ इंट्रोडक्शन’ तेवढं जमत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने या अपुऱ्या तयारीवर इलाज काढला. ऑन जॉब ट्रेनिंग, क्रेडिट चार, तास 120. पेठहून चाकण काही लांब नाही. तिथे बजाज आहे, महिंद्रा आहे, फोक्सवॅगन आहे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. पण कला-वाणिज्यच्या पोरांचे 120 तास बहुधा ओळखीच्या पतसंस्थेत झेरॉक्स काढण्यात आणि प्रमाणपत्रावर शिक्का मिळवण्यात जातात. मग कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची वेळ येते आणि माजी विद्यार्थ्यांना फोन सुरू होतात. ‘काय करतोस रे सध्या?’ ‘सर, बटाट्याला पाणी देतोय.’ ‘छान! स्वयंरोजगार लिहितो.’

या सगळ्यात खरी गंमत पुढेच आहे. विद्यार्थी नोकरीलायक आहेत का, हे ज्यांना विचारायचं, त्यातले कितीतरी जण स्वतःच तासिका तत्त्वावर आहेत. नेट झालेले, सेट झालेले, पीएच.डी. मिळवलेले. सकाळी एका गावात तास, दुपारी दुसऱ्या गावात. मानधन तासावर, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. राज्य शासनाने 2021 साली सहायक प्राध्यापकांच्या 2,088 जागा भरायला मान्यता दिली, तेव्हा कुठे यातल्या काहींच्या आशा पालवल्या. विद्यापीठाची सर्वोच्च पदवी घेऊनही ज्याला विद्यापीठाच्याच व्यवस्थेत कायम नोकरी नाही, त्याने बी.कॉम.च्या पोराला रोजगारक्षमतेचे धडे द्यायचे. एवढी विनोदबुद्धी फक्त उच्च शिक्षण विभागाकडेच असू शकते.

शासनानेही पदवीधराचा भाव जाहीर करून टाकला आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन, तेही सहा महिने. पुढे मुदत 11 महिन्यांपर्यंत वाढली. त्यानंतर काय, हे प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं करून विचारलं.

तेव्हा पेठच्या आणि पठारावरच्या पालकांनो, येत्या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा इमारत, लॅब, जिमखाना जरूर बघा. पण फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. या विभागात कायम शिक्षक किती? आणि गेल्या तीन वर्षांत पास झालेली मुलं आज कुठे आहेत? बटाट्याचं बियाणं घेताना याहून जास्त चौकशी तुम्ही करता.