पडदा बघ, पडदा!

दुसऱ्या मजल्यावरचे काका माणूस म्हणून देवमाणूस आहेत. वर्गणी वेळेवर देतात, पाण्याच्या टाकीवरून भांडत नाहीत. फक्त त्यांच्या शेजारी बसून खुनाचा सिनेमा बघू नये. असा एक नग तुमच्याही सोसायटीत असणार, तेव्हा जास्त ओळख करून देत नाही.

परवा त्यांच्याकडे १९७८चा 'डेथ ऑन द नाइल' लावला होता. नाईल नदीतली आगबोट, बोटीवर एकाहून एक संशयास्पद प्रवासी. गोळी सुटली, आम्ही सगळे पुढे सरकलो आणि चित्र थांबलं. रिमोट अर्थातच काकांच्या हातात.

"पडदा बघ, पडदा! मागचा. काय चुण्या घातल्यात!"

"काका, खून झालाय."

"तो होणारच होता रे. ती लेखिकाबाई बघ. अँजेला लॅन्सबरी. डोक्याला फेटा काय, गळ्यात माळा काय! आणि मॅगी स्मिथला चक्क पुरुषी सूट दिलाय. अँथनी पॉवेलला उगाच नाही ऑस्कर मिळालं कपड्यांचं."

"पण खुनी कोण?"

यावर काकांनी भाजीचा भाव सांगावा तसं खुन्याचं नाव सांगून टाकलं आणि पुन्हा चुण्यांकडे वळले. ते नाव मी इथे लिहीत नाही. सगळेच काही काका नसतात.

सव्वादोन तासांचा सिनेमा आम्ही चार तासांत संपवला. मध्ये पोहे झाले, चहा दोनदा झाला. एका दिवाणखान्यात काका इतके रमले की काकू मधल्या वेळात दळण आणून परत आल्या, तरी माणसं त्याच दारात उभी होती.

विनोदी सिनेमाला तरी सुटका होईल असं वाटलं होतं. 'हाऊ टू स्टील अ मिलियन' लावला, १९६६चा. ऑड्रे हेपबर्न पांढरी टोपी आणि पांढरा गॉगल घालून लाल गाडीतून येते, तिथेच काकांनी गाडी अडवली. "जिवांशीचे कपडे. आता ही बाई चोरी करो नाहीतर भजन करो, आपले पैसे वसूल." पुढे म्युझियममधल्या चोरीला सगळं घर हसत होतं, तेव्हा काका तिथल्या फरशीबद्दल बोलत होते. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा'मध्ये नायिकेचं प्रेम मोडायला आलं, तर हे तिच्या कोटांचा हिशेब ठेवत बसलेले. 'ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'ला तर त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं, "मला गोष्ट सांगू नका कोणी. गुलाबी रंगात अडथळा येतो."

हिंदीतही तेच. 'वक्त'मध्ये खून आहे, खटला आहे, ताटातूट झालेली भावंडं आहेत. काकांना विचाराल तर तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचा आणि साधनाच्या चुडीदारांचा सिनेमा आहे. "कपडे कोणाचे? भानू अथय्या. आपल्या कोल्हापूरच्या राजोपाध्यांची मुलगी. 'सीआयडी'पासून सुरुवात, तोही खुनाचाच सिनेमा बघ, आणि 'गांधी'ला ऑस्कर!" हे ते अशा थाटात सांगतात, की त्या ऑस्करचं माप जणू यांनीच घेतलं होतं.

माझा संयम सुटला तो 'रिअर विंडो'च्या वेळी. पाय मोडून घरी बसलेला फोटोग्राफर समोरच्या खिडक्यांमधून डोकावतो आणि त्याला एका शेजाऱ्याचा संशय येतो. हिचकॉकने आख्खं अंगण स्टुडिओत उभारलं होतं, ३१ बिऱ्हाडांचं, त्यातली १२ सामानसुमानासकट. काका रिमोट दाबणार तेवढ्यात मीच ओरडलो, "आता पडदा नको! यात पडदेच नाहीत!"

"तेच तर!" काका उडालेच. "एखाददुसरा सोडला, तर पडदे ओढतंय कोण? सगळ्यांनी वेळच्या वेळी ओढले असते तर सिनेमा झाला असता का? पडद्यावाचून उभी आहे सगळी गोष्ट."

हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं, हे त्यांना कळू दिलं नाही.

मग कधी नव्हे ते आपणहून बोलले. गिरगावातल्या चाळीत बालपण गेलं. एका खोलीत नऊ माणसं, त्यामुळे खिडकीला पडदा लावून लपवण्यासारखं काही नव्हतंच. मामाला इंग्रजी सिनेमांचा नाद. तो भाच्याला धोबी तलावच्या मेट्रोत घेऊन जायचा. शाळा मराठी, समोर साहेब भराभरा बोलतोय, कोणी कोणाला मारलं ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मामाला विचारलं तर टपली मिळायची. "मग मी दिवे बघायचो. खुर्च्या बघायचो. बायकांचे हातमोजे बघायचो. ते सगळं समजायचं रे." पुढे बँकेत लागले, इंग्रजी फाडफाड यायला लागलं, पण तोवर डोळ्यांना सवय लागून गेली होती.

आम्ही मंडळी गोष्ट कळावी म्हणून हल्ली सिनेमा मोबाईलवर दीडपट वेगाने पळवतो. खुनी पटकन सापडतो. नंतर खोलीला भिंती होत्या का विचारलं, तर सांगता येणार नाही.

काकांच्या स्वतःच्या हॉलला मात्र तपकिरी, मळखाऊ पडदे आहेत. खरेदी काकूंची. त्यावर काकांनी कधी अवाक्षर काढल्याचं ऐकिवात नाही, आणि काकूंची तक्रार नेमकी तीच.

"'रिअर विंडो'त ग्रेस केलीने १९५४ साली कुठल्या प्रसंगात काय घातलं होतं ते विचारा यांना. घडाघडा सांगतील. मी काल काय नेसले होते ते विचारा बरं!"

काकांची नजर टीव्हीवरच होती.

"लिंबोळी रंगाची, मोरपिशी काठाची. निऱ्यांपाशी फॉल उसवलाय तिचा. टाचेत अडकून पडशील."

काकूंनी आत जाऊन साडी उलगडून बघितली आणि तशीच हातात घेऊन बाहेर आल्या.

"मग कालच नाही का सांगायचं?"

"काल तू खून बघत होतीस."