बेरोईच्या घरचे कांदेपोहे

अहो, ऐकलंत का? या, जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. ती बेरोई हो, समुद्रातली कंगवा-जेली! १९९७ मध्ये काळ्या समुद्रात आली आणि नेमिऑप्सिस नावाच्या दुसऱ्या कंगवा-जेलीचं खानदान गिळत सुटली, तीच. आठ पट्ट्या चमकवत कशी सोज्वळ जाते... पण तिचं अंडं! जेमतेम एक मिलिमीटरचं आणि नखरे केवढे! बहुतेकांकडे एक शुक्राणू आत शिरला की दार बंद. हिच्याकडे दोन-चार खुशाल आत येतात आणि जिथल्या तिथे बसून राहतात. मग अंड्याचं केंद्रक स्वतः उठून एकेकाला बघायला जातं. कांदेपोहेच की हो, फक्त इथे मुलगी फिरतेय! एकापाशी थांबली, नाही पटला, निघाली पुढे. आणि गंमत म्हणजे कधीकधी परत पहिल्याकडेच! तास न् तास चालतं. दानिएल कारे आणि क्रिस्तियाँ सार्दे या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सगळं छापूनच टाकलं. अंडं पडलं पारदर्शक, लपवणार काय?

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, तर चेहरा एवढासा झाला. त्यांच्या मुलाला यंदा तिघींनी नकार दिलाय ना... हळूच विचारतात कशा, "मग नाकारलेल्यांचं काय होतं हो?" म्हटलं, काय व्हायचं, जिरतात तिथल्या तिथे. चहा अर्धा टाकून गेल्या.

तर काय सांगत होते... हं, नेमिऑप्सिस. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून फुकटात काळ्या समुद्रात आलेली. हिला नवऱ्याची गरजच नाही! बाई तीच, बाप्याही तीच. अंधार पडला की अंडी नि शुक्राणू दोन्ही पाण्यात सोडून मोकळी. दुसरं कुणी भेटलं तर ठीक, नाहीतर स्वतःचं स्वतःशी. दिवसभरात पिल्लू बाहेर, दोन लांब स्पर्शक फेकत. आणि त्या पिल्लालाच, नीट वयात यायच्या आधी, पिल्लं होतात! मोठ्या काकू नुसत्या "शिव शिव" करत बसल्या.

पण खरा बॉम्ब २०२४ मध्ये फुटला, नॉर्वेत, बर्गनला. जोआन सोतो-आंजेल या शास्त्रज्ञांनी टाकीत बघितलं तर मोठी नेमिऑप्सिस गायब आणि तिच्या जागी पिल्लू! वाटेल ना हो, पिल्लू ठेवून आई पळाली म्हणून? छे! तीच उलटी लहान झालेली. मग त्यांनी आणि पावेल बुर्कहार्ट यांनी मुद्दाम उपाशी ठेवलं, अंगाचा थोडा भाग काढला, तरी काही जणी पुन्हा पिल्लाच्या रूपात गेल्या. स्पर्शक काढून शिकारही करायला लागल्या. इकडे आम्ही क्रीम थापून थापून दमलो...

मला विचाराल तर बेरोईच बरी. निदान बघून-सवरून करते. पण वहिनींसमोर विषय काढू नका हं, परवा चौथ्या मुलीकडे जायचंय त्यांना.